नकली विमानतळांवरचे बॉम्ब ‘ओसाड माळावर’ पडले नव्हते

दुसऱ्या महायुद्धातल्या नकली विमानतळांबद्दल एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. ब्रिटिशांनी ओसाड माळावर लाकडी विमानं मांडली, जर्मनांनी तिथे बॉम्ब वाया घालवले, कुणालाही इजा झाली नाही आणि शेवटी जर्मनांनी खिजवायला एक लाकडी बॉम्ब टाकला, असं त्यात आहे. युक्ती खरी. बाकीचं असं सरसकट खपवू नये.

‘लाकडी विमानांनी फसवलं.’ फारच थोड्यांना. ब्रिटिश हवाई मंत्रालयात शत्रूला फसवायचं काम बघणाऱ्या कर्नल जॉन टर्नर यांच्या खात्याने शेपर्टनच्या फिल्म स्टुडिओतून नकली विमानं करून घेतली, हे खरं. पण जास्त बॉम्ब ओढले ते रात्रीच्या ‘क्यू’ ठिकाणांनी, आणि तिथे विमान एकही नसे. शेतात धावपट्टीसारखी दिव्यांची रांग, बाजूला जमिनीत अर्धवट गाडलेली खोली, तिच्यात जनरेटर, टेलिफोन आणि दोन माणसं. शत्रूची घरघर जवळ आली की दिवे क्षणभर तसेच ठेवायचे, मग गडबडीत घालवल्यासारखे घालवायचे. हे सोंग इतकं वठलं होतं की ब्रिटिश वैमानिकही तिथे उतरायला बघत.

‘ओसाड माळ.’ विमानतळ वाटायचा तर जमीन सपाट आणि मोकळी हवी, तीही खऱ्या तळापासून काही मैलांवर. पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक, सफोक, लिंकनशायर या भागांत अशी जमीन म्हणजे पिकाखालची शेतं, मधूनमधून शेतकऱ्यांची घरं. सफोकमधलं लेकनहीथ आधी मिल्डेनहॉलच्या तळाला वाचवणारं नकली ठिकाण होतं, नंतर तिथेच खरा तळ झाला.

‘कुणालाही इजा नाही.’ माझा खरा राग या वाक्यावर आहे. रात्री बॉम्ब नेमका पडतच नसे. ब्रिटिशांनी स्वतःच्या बॉम्बफेकीची नेमकी पडताळणी केलेल्या ऑगस्ट 1941 च्या बट अहवालानुसार, लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगणाऱ्या त्यांच्या विमानांपैकी साधारण तीनातलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. जर्मन थोडे सरस धरले तरी शेतातल्या दिव्यांवर टाकलेला बॉम्ब बांधाच्या आत राहील याची हमी कोण देणार? एप्रिल 1941 मध्ये पोर्ट्समथ शहर वाचवायला, तेच जळतंय असं वाटावं म्हणून, हेलिंग बेटावर नकली आगी पेटवल्या. ते शहरासाठीचं सोंग होतं, पण तत्त्व तेच. त्या रात्री बेटावरच्या तोफांच्या ठाण्यावर सहा सैनिक मेले.

मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही ते मला सगळ्यात जाचतं. 1 सप्टेंबर 1939 पासून देशभर ब्लॅकआउट, म्हणजे रात्री उजेड बाहेर दिसू न देण्याची सक्ती होती. खिडकीच्या फटीतून उजेड दिसला तरी दंड. त्याच गावाशेजारच्या शेतात सरकार दिव्यांची रांग लावत होतं, आणि कामच गुप्त असल्यामुळे गावकऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. शहरं आणि तळ वाचले, हे मला मान्य आहे. पण तो धोका नाहीसा झाला नाही. तो न विचारता या लोकांच्या दारात नेऊन ठेवला गेला.

लाकडी बॉम्बचं काय? तो किस्सा कधी जर्मनांच्या नावावर असतो, कधी ब्रिटिशांच्या. या मजकुरात तर ना गाव आहे, ना तारीख. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर निदान ‘कुणालाही इजा झाली नाही’ एवढं तरी खोडून पाठवा.