तेर्नोची बाही बिघडते कुठे?

तेर्नो म्हणजे फुलपाखरी बाह्यांचा फिलिपिनो स्त्रियांचा झगा. वेशभूषाकार रामोन वालेरा म्हणजे हा फिलिपिनो पोशाख आधुनिक करणारे, एवढं म्हणून लोक मोकळे होतात. २००६ साली, मृत्यूनंतर ३४ वर्षांनी, त्यांना तिथल्या सरकारने ‘राष्ट्रीय कलाकार’ हा मान दिला. पण त्यांनी नेमकं केलं काय, ते शिवणकाम जाणणाऱ्यांनी तरी नीट पाहायला हवं.

जुना पोशाख चार तुकड्यांचा. वर झिरझिरीत बारो, म्हणजे पोलकं, खाली पायघोळ साया, म्हणजे घागरा, सायावर गुंडाळलेला तापिस, म्हणजे वरचं वस्त्र, आणि खांद्यांवरून घेऊन छातीवर टाचलेला पान्युएलो, म्हणजे तिकोनी घडीचा रुमाल. १९४० च्या दशकात वालेरांनी पान्युएलो काढला आणि बाकीचं एकाच झग्यात आणलं. कंबर आवळलेली, मागे चेन. नऊवारी शिवून घेणाऱ्यांना यातली सोय लगेच कळेल. पण अवघड भाग पुढेच आहे. पान्युएलो गेला की गळा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, उघडे पडतात. रुमालाखाली खपणारी वाकडी शिवण आता लपत नाही.

फुलपाखरी बाही मात्र त्यांनी काढली नाही, उलट तिला आतून न दिसणारा भक्कम आधार दिला, आणि मला त्यांचं खरं मोठेपण यातच दिसतं. ती बाही राहिली म्हणून तो झगा तेर्नो राहिला.

आज बिघडते तीच. ही बाही म्हणजे फुगा नव्हे. समोरून रुंद, बाजूने चपटी, खांद्यापेक्षा किंचित वर उठलेली अशी ती हवी. माथ्याला दोरा ओढून चुण्या घातल्या की ती फुगते, म्हणून चुण्या एकेक मोडून, दाबून, टाचून घ्यायच्या. आत कडक जाळी हवी. नुसत्या जॉर्जेटची बाही तासाभरात मान टाकते. जाड बक्रमही नको, मुंढ्याच्या शिवणीत गोळा होतो. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीपुढे सरकला, तर सगळी बाही छातीकडे वळते. त्यामुळे आधी हाताने कच्चा टाका घाला, झगा अंगात चढवा, हात खाली सोडून समोरून आणि बाजूने पाहा, मगच पक्की शिवण.

कापड पिन्या असेल तर आणखी जपून. आक्लान प्रांतात अननसाच्या पानातून तंतू खरवडून, एकेक गाठ मारत हा धागा करतात. हातमागावरच्या या विणकामाची युनेस्कोने २०२३ मध्ये नोंद घेतली. कंबरेचा ताण पिन्यावर पडला की तो शिवणीजवळ उसवतो. तो ताण अस्तराने घ्यायला हवा. म्हणून अस्तर अंगासरशी कापा आणि पिन्या त्यावर सैल बसवा.