इंगल्सांच्या घरी आलेलं पीठ

30 नोव्हेंबर 1875. मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्ह गावाजवळ राहणारा चार्ल्स इंगल्स नावाचा शेतकरी सरकारी माणसांपुढे उभा राहतो, आपल्यापाशी काहीही उरलेलं नाही अशा कागदावर सही करतो आणि पिठाची दोन अर्धी पिंपं पदरात पाडून घेतो. घरी बायको कॅरोलिन, तीन मुली आणि नुकताच जन्मलेला मुलगा. टोळधाडीने उभा गहू फस्त केलेला. पीठ हवं असेल तर आधी आपण कफल्लक आहोत असं लिहून द्या, असा राज्याचा नियम होता. त्याने लिहून दिलं.

मधली मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिचं नाव लॉरा. पुढे ती लॉरा इंगल्स वाइल्डर झाली, ‘लिटल हाऊस’ मालिकेची लेखिका. प्लम क्रीकच्या काठचं ते घर, ते टोळ, पोटासाठी फाटक्या बुटांनी पूर्वेकडे पायी चालत जाणारे बाबा, हे सगळं तिने लिहिलं आणि फार सुंदर लिहिलं. त्या पिठाबद्दल मात्र अक्षर नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे पालकांच्या एका ग्रुपवर या पुस्तकांबद्दल फिरणारा मेसेज. ‘हल्लीच्या मुलांना वाचायला द्या, कुणापुढे हात न पसरता माणसं कशी जगायची ते कळेल.’ खाली अंगठ्यांची रांग. पुस्तकं द्याच, त्याबद्दल वाद नाही. पण हे कारण सांगून देऊ नका. कारण ते खरं नाही, आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी चांगली आहे.

लॉराचा जन्म 7 फेब्रुवारी 1867 चा, विस्कॉन्सिनमध्ये पेपिनजवळच्या जंगलातला. ती दोन-अडीच वर्षांची असताना कुटुंब कॅन्ससला गेलं आणि त्यांनी जिथे घर बांधलं ती जमीन ओसेज या मूळ अमेरिकन जमातीची होती. सरकारने ती अजून वसाहतीला खुलीही केली नव्हती. म्हणजे सरळ शब्दांत घुसखोरी. पुस्तकात काय होतं? शिपाई येऊन हाकलणार असं कानावर येतं आणि बाबा संतापून गाडी जुंपतात. प्रत्यक्षात 1870 च्या कायद्यानंतर तिथून जावं लागलं ते ओसेजना, आजच्या ओक्लाहोमाकडे. इंगल्स 1871 मध्ये परतले, कारण विस्कॉन्सिनचं घर ज्याला विकलं होतं त्याला पैसे भरणं जमलं नाही आणि घर पुन्हा यांच्याकडे आलं. साधा व्यवहार फिसकटला होता. तरी गोष्टीत खलनायक सरकार!

कॅन्ससमध्ये अख्खं घर हिवतापाने आडवं झालं तेव्हा त्यांना वाचवायला आलेला डॉक्टर कृष्णवर्णीय होता, डॉ. जॉर्ज टॅन. तो पुस्तकात आहे, आणि जिव्हाळ्याने आहे. ओसेजांच्या वाट्याला तेवढा जिव्हाळा आला नाही. ‘तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते’ अशा अर्थाचं वाक्य 1935 साली छापलं गेलं. एका वाचकाने आक्षेप घेतल्यावर 1953 च्या आवृत्तीत ‘माणसं’ जाऊन ‘वसाहतकरी’ आलं. लॉरा तेव्हा हयात होती आणि तिने चूक मान्य केली. 2018 मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने बालसाहित्याच्या पुरस्कारावरून तिचं नाव काढलं, त्यावर बराच गदारोळ झाला. मला तो निर्णय ठीक वाटतो. पुरस्काराचं नाव बदललं म्हणून पुस्तक कुणी कपाटातून काढून घेत नाही.

पण माझा मुद्दा तो नाही. मला छळतात ती मालिकेतून गाळलेली दीड-दोन वर्षं.

1876 मध्ये टोळांना कंटाळून हे लोक मिनेसोटा सोडून आयोवातल्या बर ओक गावी निघाले. वाटेत नातेवाइकांकडे मुक्काम असताना नऊ महिन्यांचा फ्रेडी गेला. इंगल्सांचा एकुलता एक मुलगा. बर ओकमध्ये त्यांनी हॉटेल चालवायला हातभार लावला. दारुडे, भांडणं, परक्या माणसांची वर्दळ हे सगळं लॉराने नऊ-दहा वर्षांची असताना पाहिलं. तिथल्या डॉक्टरच्या बायकोने लॉराला दत्तक मागितलं. कॅरोलिनने नकार दिला. लॉराला ते आयुष्यभर आठवत राहिलं, आणि का राहू नये? आपल्याला देऊन टाकतील की काय, ही धाकधूक त्या वयात काय असते याची कल्पना करून बघा. शेवटी देणी थकली, घरमालक मुदत देईना, तेव्हा चार्ल्सने रात्रीच्या अंधारात बायका-पोरांना गाडीत घालून गाव सोडलं.

यातलं काहीही मालिकेत नाही. फ्रेडीसुद्धा नाही. मालिकेत एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना मुली एकदम मोठ्या होतात, थोरली बहीण मेरी आंधळी झालेली असते, धाकटी ग्रेस जन्मलेली असते.

हे आपल्याला कळतं कारण लॉराने आधी मोठ्यांसाठी आत्मकथा लिहिली होती, ‘पायोनिअर गर्ल’. 1929 च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर तिची आणि मुलगी रोझची गुंतवणूक बुडाली होती, पैशांची गरज होती. हस्तलिखित कुणी घेतलं नाही. मग त्यातला सुरुवातीचा भाग मुलांसाठी घडवला आणि 1932 मध्ये पहिलं पुस्तक आलं. लॉरा 65 वर्षांची होती. आत्मकथा टीपांसह छापून आली थेट 2014 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर 57 वर्षांनी.

मुलांच्या पुस्तकात बाळाचा मृत्यू नको, दारुडे नकोत, हे समजू शकतं. पण पीठ का गाळलं? मला वाटतं, याचं उत्तर 1870 च्या दशकात सापडणार नाही, ते 1930 च्या दशकात शोधावं लागेल. ही पुस्तकं लिहिली जात होती तेव्हा महामंदी चालू होती, रूझवेल्टचं सरकार लोकांना मदत देत होतं आणि या मायलेकींचा त्याला कडाडून विरोध होता. रोझ तर पुढे ‘सरकार नको’ या विचाराची मोठी प्रचारक झाली, आणि आईच्या हस्तलिखितांवर संपादनाचा हात तिचाच होता. ‘आमच्या बापाने कुणाचं काही घेतलं नाही’ हे त्या काळात ठासून सांगायचं वाक्य होतं.

गंमत बघा. मेरी 1879 मध्ये, चौदाव्या वर्षी आंधळी झाली. पुस्तकात कारण स्कार्लेट फीव्हर; 2013 मध्ये डॉक्टरांनी जुनी कागदपत्रं तपासून मेंदूज्वराचा एक प्रकार असावा असा निष्कर्ष काढला. मेरी आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत शिकली. पुस्तकात घरचे पै-पै साठवतात, पंधरा वर्षांची लॉरा घरापासून लांब जाऊन मास्तरकी करते. तेही खरंच आहे, कपडे आणि प्रवास यांना पैसे लागायचेच. पण फी भरली डकोटा टेरिटरीच्या सरकारने, कुटुंब तेव्हा तिथेच राहत होतं. डकोटातली 160 एकर जमीन होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याखाली मिळालेली, म्हणजे पुन्हा सरकारचीच. आणि स्वतः लॉराने मिझुरीत सुमारे दहा वर्षं शेतकऱ्यांना केंद्र सरकारच्या योजनेतली कर्जं वाटणाऱ्या संस्थेची सचिव-खजिनदार म्हणून काम केलं! चोख केलं.

यात लाज वाटण्यासारखं काय होतं? टोळ आले तर शेतकऱ्याने काय करायचं? कर्जमाफीचा विषय निघाला की ‘फुकटे’ म्हणून मोकळे होणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि तेच लोक हे पुस्तक स्वावलंबनाचा धडा म्हणून पुढे पाठवतात, म्हणून एवढं लिहिते आहे.

या सगळ्यात माझ्या मनात मोठी होत गेली ती आई, कॅरोलिन. वाचक म्हणून आपण बाबांच्या प्रेमात पडतो. फिडल वाजवणारे, गोष्टी सांगणारे, नकाशावर कायम पश्चिमेकडे बघणारे. पण प्रत्येक वेळी सामान बांधलं कुणी? ती लग्नाआधी शिक्षिका होती. मुलींनी शाळेत जायचं हा हट्ट तिचा. डकोटातल्या डे स्मेट गावी पोहोचल्यावर आता आणखी पुढे जायचं नाही, असं ठरलं तेही तिच्यामुळे. 1880-81 च्या त्या भयंकर हिवाळ्यात जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत आगगाडी आली नाही. चुलीत गवताचे पीळ घालून आणि कॉफीच्या जात्यात गहू दळून दिवस काढले. त्यातल्या भाकरी भाजल्या तिनेच. शिवाय त्या घरात तेव्हा आणखी एक जोडपं तान्ह्या बाळासकट राहत होतं, हेही पुस्तकात नाही. एकट्या कुटुंबाची झुंज तेवढी दिसावी म्हणून लॉराने त्यांना वगळलं. कादंबरी म्हणून निर्णय अचूक आहे. तो भाग मालिकेतला सर्वोत्तम आहे असं मी आजही म्हणेन. पण इतिहास म्हणून वाचलात तर फसाल.

लग्नानंतरची लॉरा ही वेगळीच पोस्ट होईल. नवऱ्याचं अपंगत्व, गेलेलं बाळ, जळालेलं घर, सगळं पहिल्या चार वर्षांत. 1902 मध्ये वडील गेले, तेव्हा ती डे स्मेटला जाऊन आली. त्यानंतर आई 22 वर्षं जगली. दोघींची पुन्हा भेट झाली नाही. हे का, याचा तिने लिहिण्यात कुठेही पत्ता लागू दिला नाही.

तर, मुलांना देताना: आठ-नऊ वर्षांच्यांना विस्कॉन्सिनच्या जंगलाचं पहिलं पुस्तक आणि मग प्लम क्रीकचं. कॅन्ससचं पुस्तक शेजारी बसून, ओसेजांबद्दल बोलत वाचा. एकट्याच्या हाती देऊ नका. हिवाळ्याचं दहाव्या वर्षानंतर. ‘पायोनिअर गर्ल’ चांगलं तेरा-चौदाचं झाल्यावर, आणि ते आधी तुम्ही वाचा. पुस्तक भलतंच जाड आहे, टीपा मजकुराहून मोठ्या आहेत, झोपून वाचाल तर छातीवर आदळेल. पण बर ओकची प्रकरणं तेवढी आधी काढून वाचलीत तरी चालेल.