खुलासा : आयरिश उशा, गळलेली पिसं आणि बदक

एक मजकूर फिरतोय : 'आयर्लंडच्या खेड्यांत बदकं मारत नसत, अंगणात गळलेली पिसं वेचूनच उशा भरत.' वाचायला गोड आहे, पण खरं नाही.

आधी पक्षी. तो बदक नव्हे. गूज, म्हणजे पाळीव हंस. (आपल्या हितगुजातल्या गूजशी संबंध नाही!) कापणीनंतर शेतात सांडलेल्या दाण्यांवर तो लठ्ठ होई आणि २९ सप्टेंबरला, मायकेलमसच्या सणाला, कापला जाई. उरलेले नाताळात. पिसांचा मोठा वाटा या कापलेल्या पक्ष्यांचाच.

जिवंत हंसाची पिसं उपटण्याची रीतही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. बाई स्टुलावर बसे, पक्षी मांडीवर उलटा धरी आणि छाती-पोटाची मऊ पिसं मुठीमुठीने काढी. पंखांची मोठी पिसं ठेवायची, नाहीतर पंख लोंबतात. पक्ष्याला हे दुखतं, त्यामुळे 'वेचलेली' हा शब्द मुळातच चुकीचा. १९९९च्या युरोप परिषदेच्या शिफारशीत जिवंत पक्ष्याची पिसं उपटू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे.

शिवाय काढलेलं पीस लगेच उशीत जात नसे. ते आधी चांगलं वाळवावं लागे, नाहीतर वास सुटतो. खोळ घट्ट विणीची, आतून साबण घासलेली. म्हणजे पिसांची टोकं बाहेर येऊन टोचत नाहीत. उरलेला पंख चुलीपुढची राख झाडायला.