मधे सर्व्हर नाही, म्हणून धोकाही नाही?

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : “आधार, पॅन, बँकेचे कागद ड्राइव्हवर ठेवू नका. पीअर-टू-पीअर अ‍ॅपने थेट पाठवा. मधे सर्व्हर नाही, त्यामुळे कोणी पाहू शकत नाही. तुम्ही निवडाल तेवढंच जातं. अ‍ॅप मूळ साइटवरून घ्या आणि निर्धास्त राहा.” (पीअर-टू-पीअर म्हणजे मधल्या कंपनीच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, न ठेवता फाइल थेट एका उपकरणातून दुसऱ्यात जाणं.) वडीलधारी माणसं हा मेसेज वाचून खरोखर तसं करतात, म्हणून हे लिहितोय.

“कोणी पाहू शकत नाही.” सर्व्हर नसला तरी वाट असतेच. आपल्याकडे एके काळी घरोघरी असलेलं शेअरइट हे फाइल पाठवायचं अ‍ॅप आठवा. जानेवारी २०१६ मध्ये त्यातल्या त्रुटी जाहीर झाल्या. विंडोजवर फाइल घेताना ते जो हॉटस्पॉट उघडायचं, त्याचा पासवर्ड सगळीकडे एकच होता : १२३४५६७८. अँड्रॉइडवर तर बिनपासवर्डचा हॉटस्पॉट उघडायचा. फाइल जायची तीही एन्क्रिप्शनशिवाय (दुसऱ्याला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात न बदलता). म्हणजे सायबर कॅफेत शेजारी बसलेल्या जाणकाराला तुमचं पॅन कार्ड मधल्यामध्ये उचलता आलं असतं. त्या त्रुटी तेव्हाच दुरुस्त झाल्या.

“निवडाल तेवढंच जातं.” अमेरिकेतल्या एका गुंतवणूक कंपनीच्या कर्मचाऱ्याने ऑफिसच्या संगणकावर लाइमवायर हे पीअर-टू-पीअर अ‍ॅप वापरलं आणि नकळत कंपनीच्या फाइलीही सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. सुमारे २,००० ग्राहकांची माहिती जवळपास सहा महिने उघडी होती. त्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांची जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबरही (तिथला ओळख क्रमांक) होता. हे २००८ मध्ये उघडकीस आलं. कोणी काही फोडलं नव्हतं, फोल्डर चुकीचं शेअर झालं होतं, बस्स.

“मूळ साइटवरून घ्या.” घ्याच, पण निर्धास्त होऊ नका. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंट (पीअर-टू-पीअर पद्धतीने फाइली उतरवणाऱ्या) प्रोग्रॅमच्या अधिकृत साइटवरच २.९० आवृत्तीत केरेंजर हे रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) घुसवलेलं होतं. ते तीन दिवस गप्प बसायचं, मग मॅकवरच्या फाइलींना कुलूप लावून एक बिटकॉइन मागायचं.

चांगली साधनं आहेत. सिंकथिंग या दोन उपकरणांवरच्या फाइली एकसारख्या ठेवणाऱ्या (सिंक करणाऱ्या) अ‍ॅपमध्ये फाइली एन्क्रिप्ट होऊनच जातात आणि दोन्हीकडून एकमेकांचं उपकरण मान्य केल्याशिवाय काही हलत नाही. मात्र एकीकडे चुकून फोटो पुसला की तो दुसरीकडूनही जातो, कारण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. माझ्या घरचे कागद म्हणूनच एका वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि ती एरवी कशालाच जोडलेली नसते.