फोर्क सोडून काहीही

माउंटन बाइकच्या पुढच्या अंगातून येणारा आवाज मोठा मुत्सद्दी असतो. सायकल स्टँडवर चढवली की तो मौन पाळतो. जाणकार मित्र बघायला आला तर विचारूच नका. मित्र हँडल दाबतो, चाक उचलून आपटतो, कान लावतो आणि "मला तर काही ऐकू येत नाही बुवा" म्हणत आपल्याकडेच काळजीने बघतो. तो गेला की पहिल्याच चढाला, हँडल ओढून पेडलवर उभं राहिलं रे राहिलं, की कर्रर्र-टक.

घरी ही तक्रार मांडली तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं, "तुझा गुडघा नाही ना?"

खवचटपणा सोडला तर प्रश्न शास्त्राला धरून होता. फ्रेमच्या नळ्या पोकळ. एका टोकाला झालेली कुरकुर दुसऱ्याच टोकाला प्रकट होते. हँडलपाशी ऐकू येणारा आवाज सीटच्या दांड्यातून, पेडलमधून नाहीतर क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, बेअरिंगमधूनही आलेला असू शकतो. म्हणून आधी बसून पेडल मारले, मग उभं राहून. मग पेडल थांबवून नुसतं हँडलवर वजन टाकलं. शेवटी खाली उतरून पुढचा ब्रेक आवळला आणि सायकल पुढे-मागे ढकलली. आला! मागची सगळी मंडळी आणि गुडघा निर्दोष सुटले. गुडघा सुटल्याचं जरा वाईटच वाटलं. त्याला मलम लावून भागलं असतं.

इथून पुढे तपास पुराव्यावर चालत नाही, खिशावर चालतो. पुढच्या भागात संशयित ढीगभर. सुरुवात सगळ्यात स्वस्त संशयितापासून करायची आणि तोच गुन्हेगार निघो अशी मनोमन प्रार्थना करायची. यादीच्या तळाशी एक नाव होतं. ते मी तोंडाने उच्चारत नव्हतो.

फ्रेमला घासणाऱ्या केबली हाताने धरून पाहिल्या. ग्रिपचे स्क्रू आवळले. मग चाक. चाकाचा आस म्हणजे एक्सल काढून पुसला, ग्रीसचा पातळ हात दिला, ब्रेकच्या चकतीचे, म्हणजे डिस्कचे, बोल्ट तपासले. आरे एकमेकांवरून जातात तिथेही करकर होते, म्हणून तिथे तेलाचा एकेक थेंब, तोही बोटाने आणि जीव मुठीत धरून. कारण शेजारीच डिस्क. तिला तेल लागलं की आवाजाचा प्रश्न राहत नाही, थांबण्याचा राहतो. एवढं करून मित्राचं चाक उसनं आणून बसवलं, तर तेही लगेच करकरू लागलं. म्हणजे चाकाचा दोष नाही. मित्राला मात्र आपल्याच चाकाचा संशय येऊ लागला, तो वेगळाच.

मग हँडल आणि स्टेम, म्हणजे हँडलला धरून ठेवणारा तुकडा. स्टेमचं तोंड चार बोल्टांवर असतं. ते उघडलं की आत धूळ, घाम आणि जुन्या ग्रीसचं काळं मिश्रण सापडतं. इतकी घाण बघून मला फार आनंद झाला. एवढा काळा माणूस गुन्हेगार नसेल तर कोण? इथे विनोद बाजूला ठेवून एक सांगतो: हँडल हातात आलंच आहे तर त्याला चीर आहे का ते नीट बघावं, कारण काही वेळा करकर हीच तुटण्याची पूर्वसूचना असते. पुसून, बोल्ट तिरपे-तिरपे, दोन्हीकडची फट सारखी ठेवत आवळायचे. अनेक स्टेमवर ५ किंवा ६ न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असतो, तो टॉर्कच्या, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या, पान्यासाठी असतो. "अजून थोडं" हे माप वापरणारे लोक मला पटत नाहीत.

आवाज होता तिथेच.

आता हेडसेट, म्हणजे हँडल ज्यांच्यावर वळतं ती फ्रेममधली बेअरिंगं. हँडल आडवं वळवायचं, पुढचा ब्रेक धरायचा, बोटं बेअरिंगच्या सांध्यावर ठेवायची आणि सायकल हलवायची. सैल असेल तर बोटांना कळतं. सैल आढळलं की जो तो धावत जाऊन वरच्या टोपणाचा बोल्ट पिळतो. स्टेमचे बाजूचे बोल्ट आवळलेले असताना तो कितीही पिळला तरी बेअरिंगला त्याची खबर लागत नाही. आधी बाजूचे सैल करायचे, मग वरून हळूहळू दाब द्यायचा आणि पुन्हा बाजूचे आवळायचे. माझं हेडसेट सैल नव्हतं. पण मी इतका पुढे आलो होतो की ते खोललंच. बेअरिंगं पुसली, ताजं ग्रीस भरलं, कडा साफ केल्या. आवाज गेला. आनंद झाला. आवाज आला.

दरम्यान घरात मी स्पेसर, बेअरिंग आणि ग्रीस यांपलीकडे काही बोलेनासा झालो होतो.

शेवटी ते नाव घ्यावंच लागलं: फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा चिमटा. फोर्कचे दोन पाय आणि वर जाणारा स्टीअररचा दांडा जिथे एकत्र येतात, त्याला क्राउन म्हणतात. बहुतेक सस्पेन्शन फोर्कमध्ये हे तिन्ही दांडे क्राउनमध्ये दाबून घट्ट बसवलेले असतात. तिथे बोल्ट नाही, आटे नाहीत, आवळण्यासारखं काहीही नाही. ती पकड केसभर ढिली झाली की ब्रेकच्या प्रत्येक धक्क्याला धातूवर धातू सरकतो, अडतो, पुन्हा सरकतो. यावर खात्रीचा उपाय एकच, तो अख्खा तुकडाच बदलणं.

तपासायची युक्ती सोपी आणि क्रूर आहे. सांध्यांवर अगदी पातळ तेल सोडायचं, झिरपायला रात्रभर वेळ द्यायचा आणि सकाळी चालवायची. आवाज थांबला तर निदान पक्कं. आवाज यावा म्हणून मी सगळी वाट ब्रेक दाबत गेलो. चढावर उभा राहिलो, हँडल हिसडलं, खड्डे शोधून त्यात घातली. एक कुरकुर नाही. इतक्या दुःखी शांततेत मी कधी सायकल चालवली नव्हती. तेल वाळलं आणि करकर परतली, तेव्हा तर शंकेलाही जागा उरली नाही.

"नुसता आवाजच आहे ना? चालव की तशीच," मित्र म्हणाला. त्याला म्हणायला काय जातं? उताराला त्या सांध्यावर सगळं वजन माझं असतं.

फोर्क अजून वॉरंटीत होता. अर्जात प्रश्न होता: आवाज नेमका कधी येतो? ब्रेक लावताना, चढावर, उतारावर, वळताना. मी चारही चौकटींत खूण केली. खाली 'इतर' म्हणून एक रिकामी ओळ होती. बायकोने मागून वाकून वाचलं आणि म्हणाली, "जेवताना, असं लिही."