संच बदलला म्हणून अल्बम खोटा ठरतो का?

नमस्कार. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या अमेरिकन रॅप ग्रुपच्या शेवटच्या अल्बमचं मी कौतुक केलं, त्यावर तुम्ही मनापासून भांडलात, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय.

तुमचं म्हणणं असं : या ग्रुपचा खरा अल्बम १९९१ चा 'द लो एंड थिअरी'. २०१६ चा शेवटचा अल्बम मी उगाच डोक्यावर घेतला. तो येईपर्यंत ग्रुपमधला रॅपर फाइफ डॉग वारला होता, दुसरा सदस्य जरोबी कधीच ग्रुप सोडून गेला होता, उरलेली जागा पाहुण्या कलाकारांनी भरली. म्हणजे नुसतं नाव विकलं.

पण मूळ संच कधीचा धरायचा? १९९० च्या पहिल्या अल्बमवर फाइफ मोजक्याच गाण्यांत आहे. ग्रुपचा मुख्य रॅपर क्यू-टिप, त्याच्या बरोबरीनं फाइफ उभा राहिला १९९१ मध्ये, आणि जरोबी स्वयंपाकाचं शिक्षण घ्यायला गेला तोही त्याच सुमारास. तुम्ही ज्याला अस्सल म्हणता तो अल्बमच बदललेल्या संचाचा आहे! उलट १९९८ चा 'द लव्ह मूव्हमेंट' घ्या. क्यू-टिप, फाइफ आणि ग्रुपचा डीजे अली शहीद मुहम्मद, तिघंही जागेवर. तरी मला त्यात तिघं एकमेकांशी बोलताना ऐकूच येत नाहीत, आणि त्याच सुमारास ग्रुप फुटलाच.

आमच्या धाराशिव-तुळजापूर भागात लग्नानंतर गोंधळ घालतात. नाईक कथा सांगता सांगता ओळ अर्ध्यावर सोडतो, तुणतुणंवाला ती झेलतो, मध्येच 'मग पुढं काय झालं?' म्हणून अडवतो, आणि संबळवाला त्या प्रश्नावरच काडी मारतो. म्हातारा संबळवाला गेला की त्याचा पुतण्या कमरेला संबळ बांधतो. त्यावरून गोंधळ खोटा झाला असं कुणी म्हणत नाही. ओळ झेलायची राहिली तर मात्र मांडवातल्या पोरासोरांनाही कळतं.

रॅप ग्रुपलाही मी हीच कसोटी लावतो. शेवटचा अल्बम क्यू-टिपच्या न्यू जर्सीतल्या घरच्या स्टुडिओत झाला. घरी बसून कडवं रेकॉर्ड करून पाठवायचं नाही, समोरासमोर बसूनच करायचं, असा त्याचा आग्रह होता. मधुमेहानं खंगलेला फाइफ त्यासाठी कॅलिफोर्नियातून येत होता. २२ मार्च २०१६ ला तो गेला, वय अवघं ४५. अल्बम नोव्हेंबरमध्ये आला, पण त्यातला फाइफ जुन्या टेपमधून उचललेला नाही. तो त्या खोलीत बसून गायलाय. अल्बम आला त्याच आठवड्यात 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात ग्रुपनं गाणं सादर केलं आणि त्यात फाइफचं कडवं आलं, तेव्हा मागं त्याच्या चेहऱ्याचा मोठा पडदा सोडला आणि त्याचा रेकॉर्ड केलेला आवाजच वाजू दिला. त्याच्या ओळी दुसऱ्या कुणी म्हटल्या नाहीत. नाव विकणारी माणसं असं करत नाहीत.

पाहुण्यांचं म्हणाल तर रॅपर बस्टा राइम्स १९९१ च्या त्याच अल्बमवर होता, आणि रॅपर कॉन्सिक्वेन्स हा क्यू-टिपचा नातलग, १९९६ च्या अल्बममध्ये भरपूर वाजलेला. ही घरचीच माणसं. शेवटच्या अल्बमवर ब्रिटिश गायक एल्टन जॉन नसता तरी चाललं असतं, हे मात्र मलाही वाटतं. त्या वेळी अली शहीद दुसऱ्या कामात गुंतला होता आणि त्याची उणीव जाणवते, हेही मी मान्य करतो.

आता एक करा. हेडफोन लावून त्या शेवटच्या अल्बमचं पहिलं गाणं ऐका आणि फक्त जरोबीकडं लक्ष द्या. पंचवीस वर्षं ग्रुपच्या अल्बमांबाहेर राहिलेला माणूस फाइफ आणि टिपच्या मधे कसा शिरतो ते बघा. तरीही पटलं नाही, तर नेमकं कुठं खटकलं ते लिहा. त्या जागेवर पुन्हा बोलू.