तक्ता लावून ‘वारलुगुलाँग’ वाचता येत नाही

सध्या एक तक्ता फिरतोय: ‘ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ४०,००० वर्षांची ठिपक्यांची लिपी. प्रत्येक चिन्हाचा अर्थ ठरलेला. रात्री पडलेली स्वप्नं ते रंगवतात. हे चित्र २४ लाख डॉलरला गेलं, चित्रकार कोट्यधीश!’ खाली क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी या चित्रकाराचं ‘वारलुगुलाँग’ हे चित्र.

चित्र १९७७चं आहे, कॅनव्हासवर ॲक्रिलिक. वाळूवर, अंगावर, ढालींवर, खडकांवर काढायच्या खुणा फार जुन्या, यात वाद नाही. पण मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली ही चित्रशैली सुरू झाली १९७१मध्ये, ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवरच्या पापुन्या वस्तीत. सुरुवातीला फळ्यांवर रंगवलेल्या चित्रांत विधीतल्या गुप्त वस्तू उघड दिसत. त्यावर आसपासच्या समाजांतून आक्षेप आले आणि पुढे ठिपक्यांचे थर दाट होत गेले. म्हणजे ठिपका बरेचदा झाकायला असतो. त्यालाच अक्षर समजणं म्हणजे पडद्याच्या नक्षीवरून खोलीतलं सामान ओळखणं.

आता चिन्हं. इंग्रजी यू-सारखा आकार म्हणजे बसलेला माणूस, वाळूत उमटलेला त्याचा ठसा. इथवर तक्ता बरोबर. शेजारी खणायची काठी असेल तर बाई, भाला असेल तर पुरुष. पण एकात एक वर्तुळं? पाणवठा, मुक्काम, चूल, यांपैकी काहीही. नागमोडी रेघ पाण्याची किंवा सापाची. नेमकं काय, हे जागा आणि कथा माहीत असेल तरच कळतं.

वारलुगुलाँग ही खरी जागा आहे, ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला. लुंगकाटा या निळ्या जिभेच्या सरड्या-पूर्वजाच्या दोन मुलांनी काँगरू मारला आणि बापाला वाटा न देता खाल्ला. त्याने चिडून वणवा पेटवला. चित्रात उजवीकडे धूर-राखेच्या रंगांवर दोन सांगाडे दिसतात, ते त्या मुलांचे. याच कॅनव्हासवर इतरही पूर्वजांच्या वाटा एकमेकींना छेदत जातात. कॅनव्हास जमिनीवर पसरून चारी बाजूंनी रंगवायची रीत आहे. त्यामुळे ‘वरची बाजू कुठली’ हा प्रश्न भिंतीवर टांगणाऱ्याचा.

स्वप्नांचा घोळ ‘ड्रीमिंग’ या इंग्रजी भाषांतरामुळे झाला. याच वाळवंटातले वार्लपिरी लोक त्याला जुकुर्पा म्हणतात: पूर्वजांनी भूमी घडवली ती कथा, आजही पाळायचा कायदा आणि ती जागा, सगळं एकाच शब्दात. ते रंगवायचा हक्क नात्याने येतो. ज्याला तो बापाकडून मिळतो तो किर्डा, ज्याला आईकडून तो कुर्दुंगुर्लू. पहिला धनी, दुसरा राखणदार. बाहेरच्याने नक्कल केली तर ती नुसती कलेची चोरी राहत नाही.

कोट्यधीश? १९७७मध्ये एका बँकेने हे चित्र १,२०० ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं, १९९६च्या लिलावात ३६,००० आले, २००७मध्ये २४ लाख. जापाल्जारी २००२मध्येच वारले होते. पुनर्विक्रीवर कलावंताला ५ टक्के देणारा ऑस्ट्रेलियाचा कायदा लागू झाला २०१०मध्ये.